मुंबईचे फोर्ब्स व नागपूरचे भोंसले : वारसाहक्काविषयीं एक टिपण

राजे व सरदार यांच्या शाखोपशाखा जुळविण्यांत आपल्याकडील संशोधकांनीं पुष्कळ श्रम घेतले. परंतु ज्या पेढ्यांच्या कर्जावर कंपनीचा कारभार चाले, त्यांच्या मालकांचीं कुळें बहुधा उपेक्षितच राहिलीं. त्यांपैकीं फोर्ब्स या स्कॉच घराण्याची हकीकत येथें थोडक्यांत देतों. नागपूरच्या वाचकांस ती विशेष विचारार्ह कां वाटावी, तें पुढें कळून येईल.

हें घराणें ॲबर्डीनशायरांतील न्यू येथील. जॉन फोर्ब्स (१७४३–१८२१) हा कंपनीच्या जहाजावरील हिशेबनीस म्हणून मुंबईस आला व १७६७ सालीं त्यानें तेथें स्वतंत्र पेढी घातली. कापूस, जहाजें व सावकारी हे तिचे मुख्य व्यवहार. पुढें त्याचा पुतण्या चार्ल्स, एका धर्मोपदेशकाचा मुलगा, पेढीचा मुख्य झाला. मुंबई सरकार अडचणींत आलें म्हणजे अशाच पेढ्यांपुढें हात पसरी. त्याच काळांत, १८०३ च्या नोव्हेंबरांत, आडगांव येथें भोंसल्यांचा पराभव झाला आणि देवगांवच्या तहानें कटक व वर्धेपलीकडील वऱ्हाड हे प्रांत त्यांच्या हातून गेले.

तथापि चार्ल्सचें चरित्र एकरंगी नाहीं. विलायतेस परतल्यावर १८१२ पासून १८३२ पर्यंत पार्लमेंटांत बसून त्यानें हिंदी लोकांचा पक्ष वारंवार मांडला. मुंबईकरांनीं वर्गणी करून शिल्पकार चँट्री याजकडून त्याचा पुतळा घडविला व तो टाउन हॉलांत एल्फिन्स्टन व माल्कम यांच्या पंक्तीस बसविला.

आतां मुख्य मुद्दा. १८२१ सालीं जॉन वारला, तेव्हां न्यूची वतनी जमीन पुतण्या चार्ल्स यास निर्वेध मिळाली. १८३३ सालीं ॲबर्डीनच्या पंचांनीं त्यास पिट्सलिगोच्या तिसऱ्या लॉर्डचा पुरुषवारस ठरविलें. याच पिट्सलिगोच्या चौथ्या लॉर्डनें १७४५ च्या बंडांत भाग घेतल्यामुळें त्याची जहागीर व किताब जप्त झाले होते. बंडखोराचें कूळ, तरी रक्ताचें नातें तेथील पंचांनीं नाकारिलें नाहीं.

नागपुरास काय घडलें? १८१८ सालीं आप्पासाहेबांस पदच्युत केल्यावर कंपनीनेंच दुसऱ्या रघूजींच्या कन्येचा मुलगा, दत्तक घेववून, गादीवर बसविला. तोच तिसरा रघूजी १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारला. तेव्हां दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ सालीं राज्य खालसा करण्यांत आलें.

एक खासगी वतन, दुसरें राज्य. दोहोंचा न्याय एक कसा, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. परंतु राज्याबरोबर राजवाड्यांतील जडजवाहीरही कलकत्त्यास विक्रीस गेलें व हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस लिलांवांत निघाले. ही तर कुटुंबाची मत्ता होती. चार्ल्स १८४९ सालींच वारला असल्यानें या कृत्याचा दोष त्याजकडे येत नाहीं. दोष येतो तो एकाच राष्ट्राच्या दुहेरी मापाकडे. आणि तें माप पाहण्यासाठीं पुण्या-साताऱ्याच्या दप्तरांइतक्याच आस्थेनें ॲबर्डीनचीं दप्तरेंही चाळलीं पाहिजेत, असें आम्हांस वाटतें.