बाजार : एका शब्दाचा प्रवास

पुण्याच्या शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तजाबाद. पुढे पेठांना वारांची नावे रूढ झाली आणि मुर्तजाबाद विस्मरणात गेले. याच पेठेत पहिल्या बाजीरावाने १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला. पेठेचे जुने नाव गेले, पण वाड्याचा 'दरवाजा', त्यावरचा 'नगारखाना', आतला 'दिवाणखाना' हे शब्द फारसीतूनच आलेले. खुद्द 'पेशवा' हाही फारसी. वाड्यातले धान्य, कापड, अत्तर जिथून यायचे तो 'बाजार'ही त्यांचाच सोबती.

बाजार हा मूळचा इराणी शब्द. तो तुर्कस्तानात 'पझार' झाला आणि तिथे बाजाराच्या दिवसावरून रविवारालाच पझार म्हणू लागले. आपल्याकडे वारावरून पेठ, तिकडे बाजारावरून वार! इटालियन लोकांच्या व्यापारातून तो युरोपात गेला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचला. आधी त्याचा अर्थ पूर्वेकडच्या देशांतला बाजार एवढाच होता. १८१६ साली जॉन ट्रॉटर यांनी लंडनमध्ये 'सोहो बझार' सुरू केला. फ्रान्सशी झालेल्या युद्धांत मेलेल्या सैनिकांच्या विधवा व मुलींना तिथे जागा भाड्याने घेऊन हातची वस्तू विकता यावी, हा हेतू. पुढे इंग्रजीत धर्मादाय विक्रीलाही 'बझार' म्हणू लागले. १८६७ साली अमेरिकेत स्त्रियांच्या एका फॅशनच्या नियतकालिकाने हेच नाव घेतले. परक्या मुलखात शब्दाला प्रतिष्ठा मिळाली.

मराठीत मात्र त्याचे दोन चेहरे झाले. आठवडी बाजार, बाजारहाट, शेअर बाजार हे साधे व्यवहाराचे शब्द. पण 'बाजारू' म्हटले की हलके, 'बाजारबसवी' म्हटले की बाईच्या अब्रूवर घाव. 'बाजारबुणगे' म्हणजे मूळचे फौजेबरोबर चालणारे दुकानदार, हमाल, नोकरचाकर. त्यांच्या कष्टांवर फौज जेवत होती. आज तो शब्द कुचकामी गर्दीसाठी वापरतात.

हे आपल्याला अधिक बोचायला हवे. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, खाटीक ही आपल्याच घरांची नावे बाजारातल्या धंद्यांवरून पडली. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन दारोदार फिरणारी मणियारीण आपल्याच समाजातली. तिच्या कष्टांवर कित्येक मुले शिकली. लंडनमधल्या विधवेचा बझार पुण्यकर्म ठरतो, तर मणियारणीचा बाजार हलका का?

फारसी शब्द मराठीतून काढून टाकावेत, असा आग्रह अधूनमधून होतो. काढायचेच असेल तर शब्द राहू द्यावा, त्याला चिकटलेली तुच्छता काढावी. त्याची सुरुवात आपल्या घरातून करता येईल. कुणाला नावे ठेवताना 'बाजारू' हा शब्द ओठांवर आला, तर आपली आजी कुठे बसून काय विकत होती ते आधी आठवावे.