कार्ब्युरेटर की इंधन-अंतःक्षेपण : अमेरिकी वेगवान ट्रकांच्या इतिहासातील एक प्रकरण

कार्ब्युरेटर जुना होता म्हणून गेला आणि इंधन-अंतःक्षेपण नवे होते म्हणून आले, असे विधान मोटारींच्या इतिहासात वारंवार केलेले आढळते. विधान सुटसुटीत आहे. परंतु अमेरिकेत केवळ वेगासाठी सज्ज केलेल्या पिकअप ट्रकांचा इतिहास पाहिला असता ते टिकत नाही. या ट्रकांच्या बाबतीत निवड केली ती अभियंत्यांइतकीच कायद्यातील एका व्याख्येने, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'कार्ब्युरेट' या क्रियापदाचा मूळ अर्थ कार्बनाशी संयोग घडविणे असा आहे. वस्तुतः हे उपकरण कोणताही रासायनिक संयोग घडवीत नाही. ते केवळ मिश्रण करते. नळीच्या आकुंचित भागातून हवा वेगाने जाऊ लागली की तेथील दाब उतरतो, आणि लगतच्या पात्रातील पेट्रोल बारीक छिद्रातून त्या प्रवाहात ओढले जाते. म्हणजे किती इंधन द्यावयाचे हे हवाच ठरविते. ही युक्ती अतिशय स्वस्त आणि पेचकसाने जुळवून घेता येण्याजोगी आहे. तिचे वैगुण्य असे, की उंच प्रदेशात हवा विरळ झाली तरी इंधन त्या प्रमाणात घटत नाही. शिवाय गाडी चढावर कलली की पात्रातील पेट्रोलही कलते. अंतःक्षेपणात इंधन ओढले जात नाही, पंपाच्या दाबाखाली मोजून फवारले जाते.

हे तत्त्व अमेरिकी मोटारीत अकस्मात अवतरले नाही. शेव्हरोलेने १९५७ साली कॉर्व्हेट गाडीस यांत्रिक अंतःक्षेपण देऊ केले. २८३ घन इंचांच्या इंजिनातून २८३ अश्वशक्ती मिळते, ही त्या काळी मोठी जाहिरात होती. त्याच सुमारास बेंडिक्स कंपनीने विद्युत-नियंत्रित पद्धतीचा प्रयोग केला. १९५८ च्या काही थोड्या क्रायस्लर गाड्यांत ती बसविलीही गेली, परंतु त्यांपैकी बहुतेकांवर पुढे कार्ब्युरेटरच चढवावा लागला. १९६५ साली तर कॉर्व्हेटमध्येच सामना निकाली निघाला. ३२७ घन इंचांचे अंतःक्षेपित इंजिन ३७५ अश्वशक्तीचे होते, तर ३९६ घन इंचांचे कार्ब्युरेटरयुक्त इंजिन ४२५ अश्वशक्तीचे, आणि तेही बरेच स्वस्त. अंतःक्षेपण त्याच वर्षी बंद झाले. जुने गेले व नवे आले, असे म्हणणाऱ्यांनी या वर्षाचा विचार अवश्य करावा.

आता ट्रकांकडे वळू. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर, १९७५ पासून बहुतेक अमेरिकी मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावा लागला आणि त्यांची शक्ती पुष्कळ उतरली. परंतु 'हलका ट्रक' या संज्ञेची मर्यादा तेव्हा गाडी व भार मिळून ६,००० पौंड एवढीच होती. डॉज कंपनीने १९७८ साली 'लिल रेड एक्स्प्रेस' हा पिकअप बाजारात आणला, आणि त्याचे अनुज्ञेय एकूण वजन ६,०५० पौंड ठेवले! या पन्नास पौंडांनी कन्व्हर्टर टळला. ३६० घन इंचांचे इंजिन, चार मुखांचा कार्ब्युरेटर, २२५ अश्वशक्ती आणि केबिनच्या मागे उभी केलेली दोन धुराडी असा हा ट्रक. 'कार अँड ड्रायव्हर' या मासिकाच्या चाचणीत त्याने ताशी १०० मैलांचा वेग गाठण्यात त्या वेळच्या अमेरिकी मोटारींनाही मागे टाकले. पुढच्याच वर्षी व्याख्या ८,५०० पौंडांपर्यंत विस्तारली. १९७९ च्या ट्रकास कन्व्हर्टर आला. यंत्रविद्येत त्या बारा महिन्यांत काहीच बदलले नव्हते. बदलली होती ती एका संज्ञेची व्याप्ती.

कार्ब्युरेटरवरील खरा आघात यानंतरचा. नव्या त्रिविध कन्व्हर्टरला हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी निकट लागते, थोडे इकडेतिकडे झाले की त्याचे कार्य बिघडते. निष्कासित वायूतील प्राणवायू मोजून इंधन क्षणोक्षणी सुधारणे संगणकास सुलभ, कार्ब्युरेटरास दुष्कर. विद्युत-नियंत्रित कार्ब्युरेटर करून पाहण्यात आले. ते धड जुने नव्हते, धड नवे नव्हते. उलट पूर्ण जोर हवा असेल तेव्हा मिश्रण याहून दाट, साधारणतः साडेबारा-तेरास एक, असावे लागते, आणि एवढे काम चांगला कार्ब्युरेटर उत्तम करतो. शर्यतीच्या मैदानावर तो इतका काळ का तगला, याचे उत्तर येथे आहे.

मात्र कायद्याने आणलेल्या या पाहुण्याने पुढे स्वतःचे गुण दाखविले. १९९० च्या शेव्हरोले ४५४ एसएस ट्रकात इंधन फवारणारे तोंड कार्ब्युरेटरच्याच जागी होते, ७.४ लिटरच्या अवाढव्य इंजिनातून २३० अश्वशक्ती मिळे. १९९१ च्या जीएमसी सायक्लोनमध्ये टर्बोचार्जर होता, आणि प्रत्येक सिलिंडरच्या द्वाराशी इंधन पोहोचत होते. अवघ्या ४.३ लिटरच्या इंजिनातून २८० अश्वशक्ती! दाबलेली हवा आत घुसत असता इंधन तिच्या बरोबरीने क्षणात वाढले नाही, तर अकाली स्फोटांनी इंजिन निकामी होते. कार्ब्युरेटरास हा हिशेब जड जातो. सायक्लोनने त्याच मासिकाच्या पाव मैलाच्या चाचणीत फेरारीस हरविले. त्याची भारवहनक्षमता मात्र ५०० पौंड होती, म्हणजे ट्रक हे नाव येथे जवळजवळ लाक्षणिकच म्हणावयाचे.

नॅस्कार संस्थेच्या प्रमुख मोटारशर्यतींत कार्ब्युरेटर २०११ पर्यंत राहिला, आणि तिच्या ट्रकशर्यतींत अंतःक्षेपित इंजिनास वाव मिळाला तो २०१८ मध्ये. भारतात एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे निकष लागू झाले, आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर दिसेनासा झाला. तेथेही कारण वेगाचे नव्हते, धुराचेच होते.