सिसप्लॅटिन : मात्रेचा इतिहास

अमळनेर म्हटले की आम्हा साहित्याच्या माणसांना साने गुरुजींची शाळा, प्रताप महाविद्यालय, तत्त्वज्ञान मंदिर आणि १९५२ व २०२४ ची साहित्य संमेलने आठवतात. त्याच गावाहून सुरतमार्गे परळच्या टाटा रुग्णालयात जाणारा तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण आमच्या लेखनात क्वचितच येतो. त्याच्या शिरेतून जाणाऱ्या प्लॅटिनमयुक्त औषधाचा इतिहास म्हणूनच येथे मांडावासा वाटतो.

१९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले. ते नुसतेच लांबत गेले. कारण वीज नव्हती, विद्युताग्रांतून सुटलेले प्लॅटिनम होते. त्यातून पुढे आलेले सिसप्लॅटिन हे एकोणिसाव्या शतकातच तयार झालेले संयुग. १९७८ साली त्याला तेथे औषध म्हणून मान्यता मिळाली. ते पेशीच्या डीएनएला चिकटते व त्याची नक्कल रोखते. 'सिस' म्हणजे लॅटिनमध्ये 'या बाजूचे'. तेच अणू समोरासमोर मांडले की औषध निकामी. (शब्दक्रमाचे महत्त्व आम्ही व्याकरणातच शोधत बसतो!)

पण हे औषध मूत्रपिंड व श्रवण यांना इजा करते, उलट्यांनी माणूस हैराण होतो. म्हणून त्यासोबत भरपूर सलाईन द्यावे लागते. किरणोपचारासोबत ते दर आठवड्याला थोडे द्यावे की तीन आठवड्यांनी एकदम जास्त, हा वाद त्यातूनच उद्भवला. सोसेल म्हणून आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी साप्ताहिक पद्धत रुळली होती. टाटा रुग्णालयाने ३०० रुग्णांवर ती ताडून पाहिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शरीराच्या दर चौरस मीटरमागे आठवड्याला ३० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ५८.५ टक्क्यांत, तर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ७३.१ टक्क्यांत रोग दोन वर्षे मूळ जागी व आसपास आटोक्यात राहिला. त्रासही अर्थातच अधिक झाला. सौम्य मात्रा रुग्णाच्या हिताचीच असते, ही समजूत आम्हालाही सोडावी लागली.

तथापि रोग बरा होण्यापलीकडे गेला असेल, तर हिशेब उलटतो. तेथील २०२० च्या ४२२ रुग्णांच्या अभ्यासात मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ७.५ महिने भरले, सिसप्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१. या गोळ्या अमळनेरात, आपल्या घरी बसून घेता येतात.