कसम परेड म्हणजे काय? बेळगावच्या मराठा सेंटरची माहिती

शहापूर, मुरबाडच्या रस्त्यांवर पहाटे पोरं पळताना दिसतात, ती भरतीसाठी. त्यातला जो मराठा लाइट इन्फंट्रीत लागतो, त्याच्या घरी काही महिन्यांनी फोन येतो, "कसम परेडला या." पालकांना ही परेड काय असते ते आधी ठाऊक असलेलं बरं.

रेजिमेंटची पहिली पलटण १७६८ सालची. बेळगावचं सेंटर १९२२ पासूनचं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे याच रेजिमेंटचे, आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातले. कोंढाणा घेतला तो ४ फेब्रुवारी १६७० चा दिवस इथे 'मराठा दिन' म्हणून पाळतात.

अग्निवीरांचं ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं. ते संपलं की कसम. बँड वाजतो, तुकड्या मैदानात येतात. हुकूम सगळे हिंदीत, 'सावधान', 'दाहिने देख', 'तेज चल'. मोठे अधिकारी पाहणी करतात. मग तिरंगा आणि रेजिमेंटचं निशाण समोर येतं आणि धर्मग्रंथाच्या साक्षीने पोरं देशाची शपथ घेतात. शपथ झाली की तो रिक्रूट राहत नाही, शिपाई होतो. कवायत दिसायला शोभेची वाटते, पण शेकडो पावलं एका ठोक्यावर पडायला महिने घालवावे लागतात. शेवटी 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'ची गर्जना होते, तेव्हा अंगावर काटा येतो. पालकांना गौरव पदक दिलं जातं.

तोफखान्यात गेलेल्यांची परेड नाशिक रोडला, कसारा घाट चढला की जवळच. तिथे तोफांनाच निशाणाचा मान असतो.

बेळगावला जायचं तर मुरबाडकरांनी आधी कल्याण गाठायचं, आपल्याकडे रेल्वे यायची तेव्हा येईल. शहापूरकरांना आसनगावहून लोकल आहे. पुढे पुणे-मिरजमार्गे गाडी. परेड सकाळी असते, म्हणून आदल्या दिवशीच पोचा. आधार कार्ड जवळ ठेवा, आत मोबाईल चालतो का ते पोरालाच विचारून घ्या.

आणि एक हिशेब घरात आधीच मांडा. अग्निवीराची नोकरी ४ वर्षांची, पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. पहिल्या वर्षी पगार ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत कापले जातात, तेवढेच सरकार घालतं. ती रक्कम ४ वर्षांनी एकदम हातात येते, त्यामुळे तिच्या भरवशावर आत्ताच ट्रॅक्टरचं कर्ज काढू नका.