मृत्पात्राची स्मृती : यिशिंगची चहादाणी आणि विनयातील पात्र

भाजलेल्या मातीचे भांडे आपल्यात ठेवलेल्या पदार्थाचा अंश धरून ठेवते, ही गोष्ट कुंभाराला, गृहिणीला आणि धर्मशास्त्रकाराला सारखीच ठाऊक होती. या एकाच गुणधर्मावरून निरनिराळ्या समाजांनी मात्र परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले. भारतातील स्मृतिकारांनी त्यावरून भांडे टाकून देण्याचे नियम केले. चीनमधील यिशिंगच्या कारागिरांनी आणि रसिकांनी त्याच कारणासाठी भांडे पिढ्यान्‌पिढ्या जपले. विनयपिटकाने या बाबतीत तिसरीच वाट धरली. प्रस्तुत लेखात आम्ही यिशिंगच्या चहादाणीचा, म्हणजे चहा मुरविण्याच्या मातीच्या लहान किटलीचा, विचार या दृष्टीने करणार आहोत. तिचा उगम परंपरेने एका विहाराशी जोडला आहे. ती निवडावी कशी आणि वापरावी कशी, हा प्रश्नही आम्ही वगळणार नाही, कारण वरील मतभेद प्रत्यक्षात दिसतो तो वापरातच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बोधिधर्माने झोप टाळण्यासाठी आपल्या पापण्या कापून फेकल्या आणि त्यांतून चहाचे झुडूप उगवले, ही कथा अनेक पुस्तकांतून सांगितली जाते. ती कथाच आहे. चीनमध्ये चहा बोधिधर्माच्या कितीतरी आधीपासून होता, आणि पालि त्रिपिटकात चहाचे नावही नाही. चहा व विहार यांचा खरा संबंध पुढच्या काळात, ध्यानी भिक्खूंच्या जागरणातून वाढला. चहावरील पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा लू यू (इ. स. 733 ते 804) हा अनाथ मुलगा एका विहारातच वाढला होता. त्याच्या काळी मात्र चहादाणी नव्हती. चहाच्या पानांच्या वड्या करीत, त्यांची पूड कढईत मीठ घालून उकळीत. सुंग काळात पूड वाटीतच घुसळण्याची पद्धत आली, आणि तीच भिक्खूंनी जपानात नेली. इ. स. 1391 मध्ये मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट होंगवू याने दरबारी खंडणीत चहाच्या वड्या घेणे बंद केले व सुटी पत्ती पाठविण्यास सांगितले. वड्या करण्यात प्रजेचे फार श्रम खर्ची पडतात, हे त्याचे कारण होते. सुटी पत्ती घुसळता येत नाही. ती गरम पाण्यात मुरवावी लागते, आणि मुरविण्यासाठी झाकण व तोटी असलेले भांडे लागते.

ते भांडे आकाराला आले ते च्यांगसू प्रांतातील यिशिंग येथे. ताय सरोवराच्या पश्चिमेस असलेल्या या भागातील लोहयुक्त मातीला तेथे ‘जांभळी वाळू’ असे म्हणतात. या चहादाणीच्या उगमाची हकीकत चौ गाओछी या लेखकाने मिंग काळाच्या अखेरीस, सुमारे 1640 मध्ये, ‘यांगशिएन मिंगहू शी’ या छोट्या ग्रंथात नोंदविली आहे. तो सांगतो की जिनशा विहारातील एक भिक्खू रांजण व माठ घडविणाऱ्या कुंभारांत ऊठबस करीत असे. त्यांच्याकडील बारीक माती घेऊन, ती पाण्यात निवळून, त्याने हाताने गोल भांडे घडविले, आतून पोकळ केले, त्याला तोंड, मूठ व झाकण बसविले आणि कुंभारांच्याच भट्टीत भाजून घेतले. पुढे वू यीशान नावाचा विद्वान त्या विहारात अध्ययनासाठी राहिला. त्याच्याबरोबर गोंगछुन नावाचा एक नोकर मुलगा होता. धन्याच्या सेवेतून जो वेळ उरे त्यात या मुलाने वृद्ध भिक्खूची कला चोरून पाहिली आणि स्वतः भांडी केली. त्याच्या बोटांच्या रेषा भांड्यावर उमटलेल्या दिसत, असे चौ लिहितो.

ही हकीकत घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे. लेखक स्वतःच ती कुंभारांकडून ऐकल्याचे सांगतो. म्हणून ती परंपरा म्हणूनच स्वीकारली पाहिजे. गोंगछुनच्या नावावर दाखविल्या जाणाऱ्या भांड्यांविषयी तज्ज्ञांत वाद आहेत. निश्चित काळ असलेला जुना पुरावा म्हणजे नानचिंगजवळ वू चिंग या दरबारी खोजाच्या थडग्यात सापडलेली, वरून दांडा असलेली चहादाणी. ते थडगे 1533 मधील आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे भांडे प्रचारात होते, एवढे परंपरेशी जुळते.

आम्हांस या हकीकतीत अधिक लक्षणीय वाटते ती नावांची वाटणी. धन्याचे नाव राहिले. भिक्खूचे नाव काळाच्या ओघात हरपल्याचे चौ सांगतो. ज्यांनी माती दिली, भट्टी दिली आणि बहुधा हातही शिकविला, त्या रांजण घडविणाऱ्यांची नावे घेण्याची आवश्यकताच कोणाला भासली नाही. नोकर मुलाचे नाव तेवढे टिकले, तेही अर्धवट. त्याचे आडनाव गोंग होते असे मानून ते लिहिण्याची रीत नंतर पडली. आणि ‘चोरून’ हा शब्द! ज्याला शिकविण्याचा प्रश्नच कोणी मनात आणला नाही, तो पाहून शिकला तर त्याला चोरी म्हणावयाचे, हा प्रकार आपल्या वाचकांना परका नाही. तरीही पुढच्या शतकांत यिशिंगचे कुंभार आपल्या भांड्याखाली स्वतःची मुद्रा उमटवू लागले आणि विद्वान लोक त्या मुद्रा पारखून भांडी विकत घेऊ लागले.

आता भारताकडे वळू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात धातूची भांडी घासूनपुसून शुद्ध होतात, मातीचे भांडे मात्र पुन्हा भाजावे लागते, असे सांगितले आहे. मद्य, मूत्र, थुंकी, रक्त इत्यादींचा स्पर्श झाल्यास ते पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाने नोंदविले आहे की भारतीय लोक धातूची भांडी घासून लखलखीत ठेवतात, पण लाकडाची व मातीची भांडी वापरल्यावर टाकून देतात. त्याच शतकात, 671 मध्ये समुद्रमार्गाने निघून नालंदेस राहिलेला इत्सिंग तर हा आचार विहारांतही पाळला जात असल्याचे सांगतो. एकदा वापरलेले मातीचे भांडे खड्ड्यात टाकावे, असे तो आपल्या चिनी भिक्खूबांधवांना बजावतो. चिनी मातीची भांडी भारतात नव्हती. परंतु त्यांवर झिलई असेल तर ती नि:संशय शुद्ध, असा निवाडाही त्याने देऊन ठेवला आहे.

इत्सिंगाची ही साक्ष आम्हांस सोयीची नाही, पण ती बाजूला सारता येणार नाही. प्रश्न एवढाच की हा आचार विहारात आला कोठून? विनयपिटकात शोध केल्यास चित्र निराळे दिसते. भगवंतांनी दोन प्रकारची पात्रे अनुज्ञात केली : लोखंडाचे आणि मातीचे. मातीच्या पात्राची निगा कशी राखावी, याचे नियम चुल्लवग्गात आहेत आणि ते विलक्षण व्यावहारिक आहेत. ओले पात्र तसेच ठेवू नये. पाणी राहिलेले पात्र उन्हात तापवू नये, कारण त्याला दुर्गंधी येते; पाणी निथळून, थोडे उन्ह दाखवून मग ठेवावे. उन्हात फार वेळ ठेवल्यास रंग बिघडतो, तेही करू नये. माती अंश धरून ठेवते हे येथेही गृहीत आहे, पण त्यावरचा उपाय धुणे व वाळविणे हा आहे. फोडणे हा नाही. उलट निस्सग्गिय पाचित्तियांतील बाविसाव्या नियमानुसार पाचापेक्षा कमी सांधे असलेले पात्र असताना भिक्खूने नवे मागणे हाच दोष ठरतो.

भाजलेल्या मातीची एक वस्तू तथागतांनी फोडावयास लावली, हे खरे. कुंभारपुत्र धनिय याने सगळी कुटीच मातीची केली आणि ती भाजून लालभडक बनविली. ती मोडण्याचे कारण भट्टीत मरणाऱ्या लहान जीवांविषयीची करुणा हे होते. तेथे स्पर्शाचा किंवा विटाळाचा संबंध नाही. म्हणूनच पुढे मातीची इतर भांडी मोकळी ठेवून तशा भाजलेल्या कुटीला निषिद्धांत ठेवले गेले. तेव्हा वापरलेले मृत्पात्र अशुद्ध मानण्याचा आचार भोवतालच्या समाजातून विहारात शिरला, असेच आमचे मत आहे.

तो आचार मातीच्या गुणधर्मावर आधारलेला होता, ही समजूतही टिकत नाही. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत चहा पोहोचला तो झिलईदार कपबशीबरोबर. ती धुतली की स्वच्छ होते; इत्सिंगाच्या कसोटीने तर ती नि:संशय शुद्ध. तरीही चहाच्या दुकानाबाहेर अस्पृश्यांसाठी निराळे कप ठेवले गेले, आणि ते पिणाऱ्यानेच विसळावयाचे असत. म्हणजे भांड्याला छिद्रे असोत वा नसोत, विटाळ ज्याच्यावर लादावयाचा तो माणूस आधीच ठरलेला होता.

यिशिंगमध्ये मातीच्या त्याच गुणधर्माचा उपयोग कसा केला गेला, हे निवड आणि वापर यांतून दिसते. पहिली गोष्ट आकाराची. शी दाबिन हा नामांकित कुंभार आरंभी गोंगछुनप्रमाणे मोठी भांडी करीत असे. पुढे छन चीरू आदी विद्वानांची चहाविषयीची चर्चा ऐकून तो लहान भांड्यांकडे वळला. चौ गाओछीचे मतही तसेच आहे : भांडे लहान असावे, उथळ असावे, झाकण सपाट नसून घुमटाकार असावे, म्हणजे वास आत कोंडला जातो. एका-दोघांसाठी दीडशे ते दोनशे मिलिलिटरचे भांडे पुरे. झाकण काढून भांडे सपाट पाटावर उपडे ठेवले असता तोटीचे टोक, तोंडाची कड आणि मुठीचा माथा हे तिन्ही पाटाला टेकावेत. पाणी भरून झाकणावरील छिद्र बोटाने दाबले की धार थांबली पाहिजे; थांबली नाही तर झाकण सैल आहे. नव्या भांड्यात उकळते पाणी ओतून वास घ्यावा. मातीचा आला तर ठीक. रंगरोगणाचा किंवा मेणाचा आल्यास ते घेऊ नये.

दुसरी गोष्ट चहाची. झिलई नसलेल्या भांड्यात एकाच जातीचा चहा करावा. जाड मातीत उष्णता टिकते, म्हणून अर्धवट आंबविलेला ऊलोंग किंवा मुरविलेला प्वेर चहा तिला मानवतो. कोवळा हिरवा चहा त्या उष्णतेने कडवट होतो, त्याला झिलईदार चिनी मातीच बरी. ज्याला एकाच भांड्यात सगळे चहा करावयाचे आहेत, त्यानेही झिलईदारच घ्यावे. आपल्याकडील दूधसाखरेचा उकळलेला चहा यिशिंगच्या भांड्यात ओतणे म्हणजे त्या भांड्याचा घात होय. दुधाचा स्निग्धांश छिद्रांत बसून आंबतो. त्या चहाला पातेले आणि धातूची किटलीच योग्य, यात कमीपणा काही नाही.

वापर झाल्यावर पत्ती काढावी, साध्या गरम पाण्याने भांडे धुवावे, साबण लावू नये, झाकण उघडे ठेवून सावलीत वाळवावे. चुल्लवग्गातील नियम ज्यांनी वाचले आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. अशा वापराने भांड्यावर हळूहळू मंद तेज चढते. जुन्या भांड्यात नुसते पाणी ओतले तरी चहा होतो, असे विक्रेते सांगतात, ती मात्र अतिशयोक्ती आहे. काही लोक तेज लवकर यावे म्हणून चहाची पुटे चढू देतात, तेलकट हात फिरवितात. अशा चिकट चकाकीला चौ गाओछीने तुच्छतेने ‘भिक्खूची चकाकी’ असे नाव असल्याचे नोंदविले आहे. ज्या भांड्याचा आरंभ तो एका भिक्खूपासून सांगतो, त्याच्याच मळाला भिक्खूचे नाव देण्यात त्याला विसंगती जाणवलेली दिसत नाही.

भांडे तडकल्यास चीनमधील फिरते कारागीर तडेच्या दोन्ही बाजूंस बारीक भोके पाडून धातूच्या कड्या ठोकीत. सुत्तविभंगात पात्राच्या सांध्याचे मापही दिले आहे : दोन अंगुळे लांबीची चीर असेल तेव्हाच एक सांधा धरावा. या मापाने पाहिल्यास यिशिंगची कितीतरी जुनी, कड्या ठोकलेली भांडी एका-दोन सांध्यांचीच भरतील. विनयाच्या हिशोबाने ती बदलण्यास अजून पुष्कळ अवकाश आहे.