सत्तेची वाटणी : सातारा आणि औंध

वरिष्ठ सत्तेचा अधिकार कोठे संपावा व खालच्या सत्तेचा कोठे सुरू व्हावा, हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नव्हे. आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांच्या भूमीने तो दोनदा अनुभवला आहे.

२५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनी सरकार व प्रतापसिंह महाराज यांच्यात तह झाला. अंतर्गत कारभार महाराजांकडे, संरक्षण व परराज्यांशी व्यवहार कंपनीकडे, अशी ती वाटणी. कंपनीच्या संमतीवाचून परराज्याशी पत्रव्यवहारही करावयाचा नाही, असे बंधन होते. परंतु या कलमाचा भंग झाला किंवा नाही, हे ठरविणार कोण? कंपनीच! त्या आरोपावरून १८३९ मध्ये महाराजांस पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. त्यांचे बंधू शहाजी महाराज १८४८ मध्ये निवर्तले, तेव्हा डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केले. वाद उत्पन्न होताच एक पक्ष न्यायाधीशही झाला, हे या तहाचे मूळ दुखणे होते, असे आम्हांस वाटते.

याच सातारच्या छत्राखालील एक जहागीर म्हणजे औंध. पुढे ते इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली वेगळे संस्थान झाले. अवघी ७२ गावे. औंध, कुंडल, आटपाडी व दूरचे गुणदाळ असे तालुके विखुरलेले. भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांमुळे महाराष्ट्रास अधिक ठाऊक. परंतु त्यांची खरी थोरवी आम्ही निराळ्या ठिकाणी पाहतो. पुत्र अप्पासाहेब व मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने, गांधीजींचा सल्ला घेऊन, त्यांनी जानेवारी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींच्या अध्यक्षांनी तालुका समिती बनवावी, समित्यांनी विधिमंडळात प्रतिनिधी धाडावेत. सत्ता अशी खालून वर चढत गेली. शिवाय महसुलाचा सुमारे निम्मा वाटा तालुक्यांकडे ठेवला. तिजोरीवाचून दिलेला अधिकार म्हणजे दौत दिली, शाई नाही.

संरक्षण व परराज्यव्यवहार मात्र इंग्रजांकडेच होते. मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही घटना संपली. कराडचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असता १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या; त्यांच्याकडे शाळा, दवाखाने, रस्ते सोपविले गेले. त्यांचा बहुतेक खर्च मात्र राज्याच्या अनुदानावर चालतो, आणि ते किती व कशासाठी, हे मुंबईत ठरते.