तयारीची किंमत : दाभोळपासून बॅटरीपर्यंत

अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे. 1916 साली प्रताप शेठजींनी ते उभं केलं. त्याच तालुक्यात आमची थोडी शेती. तिथे मी जे शिकलो ते मंदिरात शिकवत नसत. रात्री दोन वाजता भाऊ खाटेवरून उठायचा आणि अंधारात शेजारच्या मळ्याकडे तोंड करून ओरडायचा, "लाईट उनी का रे?" शेतीला थ्री-फेज वीज दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा तास, पाळीपाळीने. रात्रपाळी आली की बॅटरी हातात घेऊन, सापाकिरड्याचं भय बाळगत बारं द्यायला जायचं. वीज आहे की नाही यापेक्षा ती कोणत्या वेळी आहे, हा आमच्याकडे खरा प्रश्न होता.

आज त्या हातातल्या बॅटरीबद्दल नाही, कंटेनरएवढ्या बॅटरीबद्दल बोलायचं आहे. सरकारी कंपन्या आता खासगी उत्पादकांकडून साठवणूक विकत घेतात. महावितरणनेही त्यासाठी निविदा काढल्या आहेत. या करारात विकली जाणारी वस्तू कोणती, ते नीट पाहा. युनिट नव्हे. युनिटं आपणच भरायची आणि आपणच परत घ्यायची. वाटेत साधारण 15 टक्के गळती धरलेली असते. विकली जाते ती तयारी. बॅटरी सज्ज ठेवल्याबद्दल दर मेगावॅटला दर महिन्याला अमुक लाख. वापरा किंवा न वापरा. ॲरिस्टॉटलने शक्यता आणि प्रत्यक्ष यांत भेद केला होता. इथे शक्यतेचंच बिल येतं.

असं बिल महाराष्ट्राला पूर्वी एकदा आलेलं आहे. 1991 नंतर वीजनिर्मिती खासगी उत्पादकांना खुली झाली. डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला, तोही स्पर्धात्मक निविदा न काढता, वाटाघाटींनी. 1995 साली नव्या सरकारने तो रद्द केला, पुन्हा बोलणी करून पुढच्या वर्षी स्वीकारला. मे 1999 मध्ये वीज सुरू झाली. त्या करारातही स्थिर आकार होता, केंद्र सज्ज असल्याबद्दलचा, आणि तो डॉलरशी बांधलेला. मंडळाला वीज महाग पडू लागली म्हणून मंडळाने कमी घेतली. कमी घेतली म्हणून तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर वाटला गेला आणि दर आणखी चढला. काही महिन्यांत तो सात रुपयांच्या वर गेला होता. 2001 मध्ये केंद्र बंद पडलं. लोकांच्या आठवणीत यातला भ्रष्टाचाराचा वाद राहिला, दराचं गणित राहिलं नाही. माझ्या मते शिकण्यासारखं होतं ते गणित.

खान्देशात त्यानंतर अगदी उलट्या जातीचा करार आला. नोव्हेंबर 2003 मध्ये वीज नियामक आयोगाने पवनऊर्जेचा दर ठरवला : पहिल्या वर्षी साडेतीन रुपये, पुढे 13 वर्षं दरवर्षी 15 पैशांची वाढ. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पंखे उभे राहिले. इथे जेवढी वीज तयार होईल तेवढ्याचेच पैसे, वारा पडला तर तोटा उत्पादकाचा. पण वारा जोरात असतो तो पावसाळ्यात, आमचे पंप निवांत असतात तेव्हा. म्हणजे युनिटं मिळाली, वेळ मिळाली नाही.

मग सूर्य. 2013 साली महानिर्मितीने साक्रीतच शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा प्रकल्प सुरू केला. 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती : उपकेंद्राजवळ खासगी कंपनीने सौर प्रकल्प उभारायचा, त्यावर शेतीचा फीडर दिवसा चालवायचा, जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक. कबूल करतो, या योजनेबद्दल मला ममत्व आहे. भावाच्या पिढीला जे मिळालं नाही ते पुतण्याला मिळू लागलं आहे.

पण सूर्याची वीज दुपारी उतू जाते आणि दिवेलागणीला अपुरी पडते. तिथे बॅटरी आली. मार्च 2022 मध्ये केंद्राने खरेदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षी केंद्राच्या सौर महामंडळाच्या 500 मेगावॅटच्या लिलावात दर आला 10.83 लाख. दोन तासांची बॅटरी रोज एकदा फिरवली तर महिन्याला मेगावॅटमागे 60 हजार युनिटं, म्हणजे नुसत्या साठवणुकीचे युनिटला 18 रुपये! दोनदा फिरवली तर नऊ. मार्च 2024 मध्ये शेजारच्या गुजरातेत 4.49 लाख. वर्षाअखेरीस राजस्थानात, केंद्राचं अनुदान धरून, सव्वादोन लाखांच्या आसपास. लिलावाने हे साधलं. ते दाभोळला झालं नव्हतं, आणि ही प्रगती मी मनापासून मान्य करतो. दर रुपयांत आहे, इंधन नाही, उपलब्धता कमी पडली तर दंड उत्पादकाला.

मात्र दाभोळच्या गणिताचा दुसरा अर्धा भाग तसाच आहे. बॅटरी पडून राहिली तर ती महाग, म्हणून ती फिरलीच पाहिजे. फिरायला दुपारची स्वस्त वीज हवी. आजवर त्या विजेला दुपारी फारसा गिऱ्हाईक नव्हता, म्हणून ती शेतीला देणं सोपं होतं. उद्या तीच वीज साठवून संध्याकाळी सातला मुंबई-पुण्याला देता येईल. तेव्हा आमचा दिवसाचा फीडर कोणाच्या भरवशावर राहणार?

बॅटरीला जमीन थोडी लागते, उपकेंद्राच्या आवारातही ती मावते, म्हणून अधिकारी मंडळी निश्चिंत असतात. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवा. वीजप्रकल्पासाठी गेलेल्या पाच एकरांचे त्यांना सुमारे चार लाख मिळाले. 84 वर्षांचा हा माणूस दाद मागत मंत्रालयापर्यंत गेला, जानेवारी 2018 मध्ये तिथे त्याने विष घेतलं आणि काही दिवसांत तो गेला. त्या वेळी घेतलेली वस्तू सातबाऱ्यावर दिसत तरी होती. दुपारचे तास कोणत्याच उताऱ्यावर नसतात.

बॅटरीच्या निविदेत भरण्याचे आणि सोडण्याचे तास लिहिलेले असतात. शेतीच्या फीडरचे तास वेगळ्या फाईलीत असतात. जळगाव-धुळ्याच्या या दोन्ही फाईली एका टेबलावर ठेवून वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. सभागृहात वीज कंपनीतले काही निवृत्त अभियंते दिसताहेत. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न मीच त्यांना विचारणार आहे.